कोटंबा : खंडोबा-उपासनेतील एक विधिपात्र

प्रस्तावना :
विधीत वापरले जाणारे पात्र हे केवळ वस्तू ठेवण्याचे साधन नसते. देव आणि उपासक यांच्यातील देवघेव त्यातून घडत असते. नायजेरियातील योरुबा समाजात इफा या देवप्रश्नाच्या विधीसाठी लागणाऱ्या सोळा ताडबिया कोरीव लाकडी पात्रात ठेवतात. २००८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत इफाचा समावेश झाला. आपल्याकडे अशा पात्राशी तुलना करता येईल ती वाघ्याच्या कोटंब्याची. प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घेतला आहे.

स्वरूप व कार्य :
जेजुरी हे खंडोबाचे प्रमुख क्षेत्र असले, तरी जुन्नर तालुक्यात वडज व धामणखेल आणि आंबेगाव तालुक्यात धामणी येथेही त्याची ठाणी आहेत. कोटंबा हे वाघ्याचे लाकडी किंवा पितळी, बहुधा चौकोनी भिक्षापात्र होय. त्यात भंडारा, म्हणजे हळदीची पूड असते. रविवारी पाच घरी वारी मागताना वाघ्या दारातील माणसाच्या कपाळी भंडारा लावतो आणि भिक्षा स्वीकारतो. जागरणात हेच पात्र देवापुढे पूजेत मांडले जाते. मागण्याचे साधन स्वतःच पूज्य ठरते, हे येथे लक्षात घ्यावे.

तुलना :
इफातील बियांवरून देवाचे उत्तर वाचतात. कोटंब्यातून भविष्य पाहत नाहीत. त्यातून प्रसाद मिळतो. कर्नाटकातील मैलार येथे ही दोन्ही अंगे एकाच देवाच्या यात्रेत, पण वेगवेगळी आढळतात. तेथे गोरव ‘दोणी’ या पात्रातील दूध व केळी सेवन करतात, तर वर्षाचे भाकीत धनुष्यावर चढलेला गोरव ‘कारणिक’ म्हणून उच्चारतो.

समारोप :
वस्तुसंग्रहालयात ‘लाकडी वाडगा’ एवढीच नोंद झाल्यास कोटंब्याचा अर्थ हरवतो. पात्र कोणी वाहिले, कोणत्या नवसापोटी वाहिले, हेही नोंदवणे आवश्यक आहे. वाघ्यासोबत मुरळीही असते, आणि मुली देवाला वाहण्याच्या प्रथेस महाराष्ट्रात २००५ च्या देवदासी समर्पण प्रथा निर्मूलन अधिनियमाने प्रतिबंध केलेला आहे. ज्यांना स्वतःच्या इच्छेचा विचार न होता वाहिले गेले, त्या स्त्रियांचे जीवन वगळून केवळ पात्राचे सौंदर्य वर्णिणे हा अपुरा अभ्यास ठरेल. दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालयांनी वृद्ध वाघ्या-मुरळींच्या मुलाखती त्यांच्या संमतीने नोंदवल्यास कोटंब्याचा इतिहास त्यांच्याच शब्दांत उपलब्ध होईल.