दोन चतुर्थ्या, एक चंद्र

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर महिन्याला दोन चतुर्थ्या असतात. शुद्ध पक्षातली विनायकी, वद्य पक्षातली संकष्टी. संकष्टीच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, कारण उपास चंद्र पाहूनच सोडायचा असतो. नऊ वाजत आले की नैवेद्याचं ताट झाकून ठेवतात आणि घरातलं कुणीतरी गच्चीवर जाऊन पूर्वेकडे पाहून येतं. विनायकीला चंद्राची अशी वाट पाहावी लागत नाही. तो सकाळी नऊच्या आसपासच उगवलेला असतो. दिवेलागणीला पश्चिमेकडे त्याची बारीक कोर दिसते आणि नऊच्या सुमारास मावळते. संकष्टीचा चंद्र मात्र रात्री उशिरा येतो आणि जवळजवळ वाटोळा येतो. नाव एकच, चतुर्थी. मग वेळेत आणि आकारात एवढा फरक का?

पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कापल्यासारखा दिसतो, असं शिकल्या-सवरलेल्या घरांतही सांगितलं जातं. पण सावली नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते आणि विनायकीची कोर तर मावळलेल्या सूर्याच्याच बाजूला असते. तिथे पृथ्वीची सावली पोचणार कशी? ती चंद्रावर पडू शकते फक्त पौर्णिमेला, आणि त्याला आपण चंद्रग्रहण म्हणतो. तेही दर पौर्णिमेला होत नाही. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे तो बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.

खरी गोष्ट साधी आहे. ग्रहण नसेल तेव्हा चंद्राचा अर्धा गोल सूर्यप्रकाशात असतो आणि अर्धा अंधारात. अमावास्येलाही तसंच आणि पौर्णिमेलाही तसंच. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटाने हेच लिहून ठेवलं: गोलाचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळतो, उरलेला स्वतःच्याच सावलीत राहतो. बदलते ती आपली पाहण्याची बाजू. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, तसा त्याचा उजळलेला अर्धा भाग आपल्याला कधी कडेने, कधी निम्मा, कधी पूर्ण दिसतो.

याची खात्री करायला प्रयोगशाळा नको. शुद्ध अष्टमीला दुपारी चारच्या सुमारास उघड्यावर जा. अर्धा चंद्र तेव्हा आकाशात चांगला वर आलेला असतो. हातात पांढरा चेंडू घ्या, घरात रव्याचा लाडू असेल तर तोही चालेल. त्यावर ऊन पडेल असा हात लांब करून तो चंद्राच्या अगदी शेजारी धरा. चेंडूही अर्धाच उजळलेला दिसेल आणि त्याच्या उजेड-अंधाराची रेघ चंद्राच्या रेघेइतकीच तिरकी असेल. एक वस्तू हाताच्या अंतरावर, दुसरी सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, आणि दोघांवर ऊन मात्र एकाच सूर्याचं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चंद्र चकतीसारखा न दिसता खरोखरचा गोळा दिसला. पुन्हा कधी तो चपटा वाटला नाही.

आता तिथीकडे येऊ. आकाशात चंद्र सूर्यापासून किती अंश पुढे गेला आहे, त्यावर तिथी ठरते. चंद्र दिवसाला साधारण १३ अंश पूर्वेकडे सरकतो, सूर्य १ अंश. म्हणजे अंतर वाढतं १२ अंशांनी. हे १२ अंश म्हणजे एक तिथी. अशा ३० तिथी झाल्या की ३६० अंश पुरे होतात, त्याला सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. चंद्राची गती कमीजास्त होते, म्हणून तिथी कधी २० तासांच्या आसपास संपते, तर कधी २६ तासांवर जाते. तिथीचा क्षय आणि वृद्धी होते ती त्यामुळेच.

अमावास्या संपते तेव्हा हा कोन शून्य असतो, पौर्णिमा संपते तेव्हा १८०. शुद्ध अष्टमीच्या मध्यावर तो बरोबर ९० असतो, म्हणून अष्टमीचा चंद्र अर्धा. कोकणातल्या कोळ्यांना हा कोन पाण्यात दिसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य-चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात ओढतात, तेव्हा भांग.

आकार ज्या कोनावर ठरतो, त्याच कोनावर चंद्र उगवायची वेळही ठरते. चंद्र सूर्यापासून जितका पुढे, तितका उशिरा उगवणार. दिवसाला सरासरी ५० मिनिटांनी. त्यामुळे कोर कधीही मध्यरात्री डोक्यावर दिसत नाही आणि पौर्णिमेचा चंद्र कधीही दुपारी दिसत नाही.

आता त्या दोन चौकटी पुन्हा पाहा. विनायकीला चंद्र सूर्यापासून ३६ ते ४८ अंश पुढे असतो. संकष्टीला तो सूर्याच्या बरोबर समोरच्या जागेपासून तेवढाच पुढे असतो. म्हणजे विनायकीच्या संध्याकाळी चंद्राचा जेवढा भाग अंधारात असतो, जवळजवळ तेवढाच संकष्टीच्या रात्री उजळून निघतो. त्या दिवशीची कोर आणि या रात्रीचा चंद्र मनातल्या मनात एकमेकांना जोडले, तर पौर्णिमा होते.