तुरळक सरी, वाट बदलणारे वादळ आणि दरीतली धुई

'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह सरी पडतील' असे वाक्य सकाळी कानावर पडले की पिशोरात त्याचे अर्थ निरनिराळे होतात. ज्याचा मका कापून शिवारात पडला आहे तो ताडपत्री शोधू लागतो. ज्याची कपाशी फुटली आहे तो वेचणीला माणसे मिळतात का ते पाहतो. आणि ज्याच्या विहिरीने तळ गाठला आहे तो मनातल्या मनात म्हणतो, येऊ दे. संध्याकाळपर्यंत आभाळ नुसते गुरगुरते, एक थेंब पडत नाही, आणि मग तिघेही एकमुखाने म्हणतात, "हवामान खात्याचे हे नेहमीचेच!"

आमचे म्हणणे असे आहे की अशा वेळी खाते बहुधा चुकलेले नसते. त्याने वापरलेला शब्द आपण आपल्या सोयीने ऐकलेला असतो. 'तुरळक ठिकाणी' हा शब्द तेथे मोजून वापरतात. एखाद्या विभागात पाऊस मोजणारी जितकी केंद्रे आहेत, त्यांपैकी फार तर शेकडा २५ केंद्रांवर पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. 'काही ठिकाणी' म्हणजे शेकडा ५० पर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ७५ पर्यंत आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. म्हणजे 'तुरळक' म्हटल्या दिवशी चारांपैकी तीन गावे कोरडी राहिली तरी तो अंदाज खराच ठरला!

असे का व्हावे? वळवाचा किंवा परतीचा पाऊस देणारा ढग उंचीला दहा-बारा किलोमीटर चढतो, पण त्याचा घेर काही किलोमीटरांचाच असतो. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते, थंड होते, तिच्यातली वाफ गोठून पाण्याचे थेंब व बर्फाचे कण होतात. तास-दीड तासात सारा खेळ आटोपतो. चुलीवरच्या आधणात पहिला बुडबुडा नेमका कोठून उठेल हे कोणी सांगू शकेल काय? पाणी उकळणार हे मात्र निश्चित सांगता येते. खात्याचेही तसेच आहे.

ही निव्वळ शब्दांची चर्चा नव्हे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर त्या महसूल मंडळात अतिवृष्टी झाली असे धरतात, आणि नुकसानीच्या मदतीचा विचार पुष्कळदा त्या आकड्यापासून सुरू होतो. पर्जन्यमापक एका जागी उभा असतो. ढग मात्र त्याच्याकडे पाहून बरसत नाही. मापकाच्या जागी चार थेंब आणि तीन कोसांवर शेताची माती वाहून गेलेली, असे घडू शकते. तेव्हा आपापल्या शिवाराची नोंद आपणच एका साध्या मापकाने ठेवली, तर निदान बोलायला आधार राहील. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यावी. खात्याचा दिवसही तेथेच बदलतो.

पाऊस मोजण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निरनिराळ्या देशांचे पर्जन्यमान द्रोणांत दिले आहे. त्यात गोदावरीकाठच्या अश्मक देशाचा आकडा अवंतीहून कमी आणि कोकणपट्टीचा पाऊस तर अमाप! आपल्या भागाची ओढगस्त तेव्हाही ठाऊक होती म्हणायची. आपले हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. पुण्याची वसंत व्याख्यानमालाही त्याच सालची, हा आपला एक योगायोग. १८६४ साली कलकत्त्याला झोडपणारे चक्रीवादळ आणि पाठोपाठचे दुष्काळ यांनी सरकारला जाग आणली होती.

वादळाचा विषय निघाला की आपण निश्चिंत असतो. समुद्र कोठे आणि पिशोर कोठे! परंतु २०२१ सालचे 'गुलाब' आठवून पाहा. बंगालच्या उपसागरातले हे वादळ २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी आंध्राच्या उत्तर भागात कलिंगपट्टणजवळ किनाऱ्यावर आले. जमिनीवर येताच त्याचा वारा पडला, कारण वादळाला जोर मिळतो तो समुद्राच्या उबदार पाण्यातून. वादळ संपले असे वाटले. पण वारा पडला तरी त्याने आणलेली वाफ संपली नव्हती. तो कमी दाबाचा भोवरा तेलंगणावरून मराठवाड्याकडे सरकला. नेमका सूर्य हस्त नक्षत्रात जाण्याचा तो सुमार, आणि सोयाबीन काढणीला आलेले. दोन दिवसांत मांजरेला महापूर आला. मौज पाहा, तोच भोवरा पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, पुन्हा बळावला, 'शाहीन' हे नवे नाव घेऊन ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर गेला!

उलट २०२३ च्या जूनमधले 'बिपरजॉय' घ्या. ते अरबी समुद्रात कित्येक दिवस रेंगाळले. कोणत्या किनाऱ्याकडे वळणार याचे अंदाज पुन्हापुन्हा बदलावे लागले आणि अखेर १५ जूनला ते कच्छात जखाऊजवळ धडकले. वादळाला स्वतःची वाट नसते. भोवतालच्या, विशेषतः वरच्या थरातल्या, वाऱ्यांचे प्रवाह त्याला ढकलत नेतात. दोन प्रवाह सारख्या जोराचे असले की ते मधल्या मध्ये घुटमळते. म्हणून नकाशावर खाते एकच रेघ न काढता पुढे रुंदावत जाणारा पट्टा काढते. चोवीस तासांपुढच्या अंदाजातही केंद्राची जागा सरासरीने सत्तर-ऐंशी किलोमीटर चुकते, म्हणजे पिशोर ते छत्रपती संभाजीनगर या अंतराहून अधिक. तीन दिवसांपुढची चूक याच्या जवळजवळ दुप्पट. तो पट्टा म्हणजे खात्याचा गोंधळ नव्हे, ती त्याच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. मळणी ठरवताना रेघेकडे न पाहता आपण पट्ट्यात आहोत का ते पाहावे, आणि पट्टा दर दिवशी पुन्हा पाहावा.

अजिंठ्याच्या डोंगररांगेचा भाग यात आणखी वेगळा. दमट वारा डोंगराला अडून वर चढतो आणि पाऊस वाढतो. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि पायथ्याला तितूर व डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले, ते अशाच रात्रीच्या पावसाने.

पाऊस सरून आभाळ निवळले की पाळी येते धुईची. पावसाळ्यात घाटात जे पांढरे भरते ते खरे तर डोंगरावर टेकलेले ढगच. तेव्हा माथा बुडालेला असतो आणि पायथा मोकळा. थंडीत नेमके उलटे. निरभ्र, निवांत रात्री जमिनीची ऊब आकाशात निघून जाते, उतारावरची थंड हवा जड होऊन पाण्यासारखी दरीत ओघळते, आणि तळाच्या ओलसर मातीवर, नदी-तलावाच्या काठी तिच्यातली वाफ बारीक कणांनी तरंगू लागते. एक हजार मीटरांच्या आतले दिसेनासे झाले की शास्त्राच्या भाषेत ते धुके. त्या पहाटे गौताळ्याच्या माथ्यावर लख्ख ऊन असते आणि खाली अंजनेच्या खोऱ्यात बैलजोडीची शिंगे दिसत नाहीत. पाने तासन् तास ओली राहिली की कांद्यावर करपा येतो. तुरीचा फुलोराही या दिवसांत जपावा लागतो.

ही धुई ओळखायला मोठी यंत्रे लागत नाहीत. आदल्या दोन-तीन दिवसांत पाऊस झालेला, संध्याकाळी वारा पडलेला, चांदण्या स्वच्छ आणि धूर सरळ वर न जाता घरांच्या उंचीवर पसरलेला, एवढे जुळले तर पहाटे धुई येण्याचा संभव मोठा. ऊन जमिनीपर्यंत पोचले की ती तळापासून विरते. त्याला सकाळचे आठ-नऊ वाजतात, आणि भाजीची गाडी भरून घाट उतरायचा असेल तर तेवढा वेळ थांबावे लागते.