मारिओ पहिला की झेल्डा?

दोस्तांनो, परवा रविवारी आमच्या घरी एक मोठा खटला उभा राहिला. एका बाजूला माझी भाची सई, इयत्ता सातवी. दुसऱ्या बाजूला तिचा धाकटा भाऊ निनाद, इयत्ता चौथी. आणि न्यायाधीश कोण? तर मी, म्हणजे त्यांचा मामा! प्रश्न असा, की निन्टेंडो कंपनीच्या व्हिडिओ गेम्समध्ये सगळ्यात भारी कोण?

"मारिओ!" निनाद ओरडला.

"मारिओ बाळबोध आहे. झेल्डाच!" सई म्हणाली.

आवाज चढत गेले, तशी स्वयंपाकघरातून ताईने तंबी दिली, "आता दोघांचंही बंद करीन हं!" मग मी घाईघाईने आठवडाभराची मुदत मागून घेतली. त्या खटल्याचा हा निकाल.

पण आधी ही निन्टेंडो कोण, ते पाहू. जपानमधल्या क्योतो शहरात १८८९ साली ही कंपनी सुरू झाली. काय, चक्रावलात ना? तेव्हा कुठले आले व्हिडिओ गेम! निन्टेंडो तेव्हा पत्ते बनवायची. त्या पत्त्यांना म्हणतात 'हानाफुदा', म्हणजे फुलांचे पत्ते. वर्षाचे बारा महिने आणि दर महिन्याची चार पानं, असा ४८ पानांचा जोड. पुढे कंपनी खेळण्यांकडे वळली आणि खेळण्यांवरून व्हिडिओ गेमकडे.

तुमच्या आई-बाबांनी कदाचित हे नावही ऐकलं नसेल, पण खेळ मात्र खेळला असेल! १९९०च्या दशकात आपल्याकडे घरोघरी जे 'टीव्ही गेम' आले, त्यातले बरेचसे निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल होते. आमच्याही घरी एक होता. सोबतच्या कॅसेटवर छापलं होतं, '९९९९ खेळ'. प्रत्यक्षात मोजकेच खेळ, तेच पुन्हा पुन्हा यायचे. पण त्यात मारिओ होता, आणि आमची सुट्टी त्यात संपायची.

एकाच पात्राभोवती किंवा एकाच कल्पनेभोवती एकामागून एक खेळ निघतात, तेव्हा ती होते खेळमालिका. फास्टर फेणेची पुस्तकं आठवा. फुरसुंगीचा बनेश तोच, पण भानगड दर वेळी नवी. अगदी तसंच.

निनाद म्हणाला, "मामा, सोपं आहे. ज्याचा खप जास्त, तो पहिला." पण तसं नसतं, बरं का! निन्टेंडोचा 'वी स्पोर्ट्स' हा २००६ सालचा खेळ आठ कोटींहून जास्त खपला. कारण? बहुतेक देशांत तो यंत्रासोबतच मिळायचा! म्हणून मी तीन कसोट्या ठरवल्या. एक : नवख्याला तो खेळता येतो का? दोन : प्रत्येक नव्या खेळात नवी कल्पना असते का? तीन : यंत्र बंद केल्यावर मनात काही उरतं का? प्रत्येक कसोटीला १० गुण, एकूण ३०. आता शेवटच्या नंबरापासून सुरुवात करू.

सहावा नंबर : मेट्रॉइड (२० गुण)

पहिला खेळ १९८६ चा. सॅमस नावाचा अंतराळवीर एका परक्या ग्रहाच्या पोटातल्या भुयारांत एकटाच उतरतो. बहुतेक खेळांत आपण मुकाट्याने उजवीकडे चालू लागतो. इथे मात्र आधी डावीकडे जावं लागतं, नाहीतर गाडी अडलीच! गेलेल्या वाटेने परत यायचं, नवी शक्ती मिळाली की मघाशी बंद असलेली वाट उघडायची, असा हा खेळ. खरी गंमत शेवटी. खेळ झटपट संपवला, तर सॅमस शिरस्त्राण आणि चिलखत उतरवते, आणि कळतं की हा 'वीर' म्हणजे एक मुलगी आहे! १९८६ साली भले भले खेळाडू थक्क झाले होते. मग सहावा नंबर का? नवख्याची भुयारात पार दमछाक होते, म्हणून. पहिल्या कसोटीत चारच गुण.

पाचवा नंबर : अॅनिमल क्रॉसिंग (२२ गुण)

यात लढाई नाही, शर्यत नाही. एक छोटं गाव, शेजारी प्राणी. झाडं लावा, मासे पकडा, पत्रं लिहा. खेळातलं घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालतं. तुमच्याकडे रात्र, तर गावातही रात्र.

याच्या मागची गोष्ट ऐका. कात्सुया एगुची नावाचा तरुण चिबा हे आपलं गाव सोडून निन्टेंडोच्या नोकरीसाठी क्योतोला आला. घरचे दूर, मित्र दूर. जवळची माणसं असणं म्हणजे काय, हे त्याला एकटा पडल्यावर कळलं. तो जिव्हाळा खेळात आणता येईल का, या विचारातून २००१ साली हा खेळ आला. २०२० च्या मार्चमध्ये याचा नवा भाग निघाला, आणि नेमकं तेव्हाच करोनामुळे जगभर घरांची दारं बंद झाली. कितीतरी मुलांनी आपले वाढदिवस या खेळातल्या बेटावर साजरे केले! नवी कल्पना मात्र भागागणिक थोडीथोडीच येते, म्हणून दुसऱ्या कसोटीत पाच.

चौथा नंबर : मारिओ कार्ट (२३ गुण)

१९९२ पासूनची ही गाड्यांची शर्यत. तुम्ही गल्लीत क्रिकेट खेळता, तेव्हा धाकट्या भावंडाला 'कच्चं लिंबू' म्हणून घेता ना? मारिओ कार्टने तीच युक्ती केली. जो मागे पडलाय, त्याला वाटेतल्या पेटीतून जोरदार मदत मिळते. जो पुढे आहे, त्याला केळीची साल! आणि पहिल्या नंबरावरच्याला शोधून गाठणारं ते निळं कवच! शेवटच्या वळणावर ते येऊन आदळलं, की घरात जो आरडाओरडा होतो, तो शेजाऱ्यांना विचारा. २०१७ साली आलेला भाग सहा कोटींहून अधिक खपला आहे.

काही जण म्हणतात, हा पुढच्यावर अन्याय आहे. असेलही. पण त्यामुळेच चौथीतला निनाद आणि सातवीतली सई एकत्र खेळू शकतात. पहिल्या कसोटीत दहापैकी दहा!

तिसरा नंबर : पोकेमॉन (२४ गुण)

इथे सईने हरकत घेतली. "पोकेमॉन एकट्या निन्टेंडोचा नाहीये!" बरोबर आहे. गेम फ्रीक आणि क्रीचर्स या आणखी दोन कंपन्यांचा त्यात वाटा आहे. पण मुख्य खेळ निन्टेंडोच्याच यंत्रांवर येतात, म्हणून हरकत फेटाळली.

सातोशी ताजिरी हा टोकियोजवळच्या एका उपनगरात वाढलेला मुलगा. त्याला नाद किडे गोळा करण्याचा. कुठला भुंगा कुठल्या दगडाखाली सापडतो, याचा त्याला पक्का अभ्यास. पण शहर वाढत गेलं, तळी बुजली, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि किडे दिसेनासे झाले. पुढच्या मुलांना ही मजा कशी मिळणार? मोठेपणी त्याने निन्टेंडोचं हातात मावणारं 'गेम बॉय' हे यंत्र पाहिलं. दोन गेम बॉय जोडणारी वायर पाहून त्याला वाटलं, या वायरीतून एखादा किडा इकडून तिकडे सरपटत गेला तर? साधारण सहा वर्षं खपून त्याच्या चमूने १९९६ साली लाल आणि हिरवा असे दोन खेळ आणले. गोम अशी, की काही पोकेमॉन फक्त लाल खेळात, तर काही फक्त हिरव्यात. यादी पुरी करायची तर मित्राशी अदलाबदल करायलाच हवी!

हिंदीतून आपल्याकडे आलेली पोकेमॉनची कार्टून मालिका तुम्ही पाहिली असेल. तिच्यातला अॅश जपानी मालिकेत कोण आहे ठाऊक आहे? सातोशी! तिसऱ्या कसोटीत पोकेमॉनला पैकीच्या पैकी. पण खेळाचा साचा बराचसा तोच राहिल्याने दुसऱ्या कसोटीत सहाच.

दुसरा नंबर : झेल्डा (२६ गुण)

आधी एक गैरसमज दूर करू. हिरव्या कपड्यातला तो मुलगा म्हणजे झेल्डा नव्हे. त्याचं नाव लिंक. झेल्डा ही राजकन्या.

या खेळाचा जनक शिगेरू मियामोतो. क्योतोजवळच्या सोनोबे गावात त्याचं लहानपण गेलं. रानात भटकताना एकदा त्याला गुहा सापडली. आत काळोख. पुढे तो कंदील घेऊन आत शिरला. छातीतली ती धडधड त्याच्या लक्षात राहिली. १९८६ सालच्या पहिल्या झेल्डाच्या सुरुवातीलाच एक गुहा दिसते, आणि कुठे जायचं हे कुणीही सांगत नाही.

२०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये तर ही कल्पना अफाट वाढली. समोर दिसेल तो डोंगर चढता येतो. पाऊस आला की कडा निसरडा होतो. गवत पेटवलं की गरम हवा वर उसळते आणि तिच्यावर तरंगता येतं. वादळात अंगावर धातूची ढाल-तलवार असेल, तर वीज तुमच्यावरच पडते! एकेका कोड्याची तीन-चार उत्तरं निघतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीत दहा-दहा.

पहिला नंबर : मारिओ (२७ गुण)

१९८० च्या सुमाराला निन्टेंडोचा एक खेळ अमेरिकेत सपशेल पडला. यंत्रं गोदामात पडून राहिली. त्याच यंत्रांत बसेल असा नवा खेळ करायचं काम या मियामोतोवरच आलं. १९८१ साली त्याने केला 'डाँकी काँग'. त्यात उड्या मारणारा एक सुतार होता. त्याचं चित्र आडवे १६ आणि उभे १६, जेमतेम इतक्याच ठिपक्यांत बसवायचं होतं. एवढ्यात तोंड कसं काढणार? म्हणून नाकाखाली मिशी. केस कसे काढणार? म्हणून टोपी. हात हलताना दिसावेत म्हणून सदऱ्यापेक्षा वेगळ्या रंगाची पट्ट्यांची विजार. तोच मारिओ. अडचणीतून चेहरा मिळाला तो असा!

१९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसतो. मोबाइलवर काढलेला एक फोटोही याहून कितीतरी मोठा असतो. जागा वाचवायला काय केलं असेल? आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट पाहा. आकार एकच, फक्त रंग बदललाय!

आणि हा खेळ शिकवतो कसा, ते बघा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडे मोकळी जागा. न सांगता आपण उजवीकडे जातो. समोरून एक रागीट किडूक येतं. धडकलो तर मेलो, पण पुन्हा सुरुवात दोन पावलांवरच. दुसऱ्यांदा आपण उडी मारतो. वरची वीट वाजते, मशरूम बाहेर पडतं, पुढच्या नळाला आपटून आपल्याचकडे येतं, आणि मारिओ मोठा होतो! एकही सूचना न वाचता तीन धडे झाले. नंतरच्या खेळांतही नवेपण टिकलं. १९९६ मध्ये मारिओ मोकळ्या त्रिमिती जगात धावला, २००७ मध्ये छोट्या ग्रहांना प्रदक्षिणा घालू लागला, २०१७ मध्ये टोपी फेकून शत्रूच्याच अंगात शिरला.

निकाल ऐकून सई उसळली. "झेल्डाला पहिल्या कसोटीत सहाच?" मग आम्ही प्रयोगच केला. आजीच्या हाती रिमोट दिला. मारिओमध्ये आजी तीनदा खड्ड्यात पडली आणि चौथ्यांदा टुणकन पलीकडे! मग झेल्डा लावला. डोंगरमाथ्यावर उभी राहून आजीने विचारलं, "आता कुठे जायचं?"

"कुठेही!" सई म्हणाली.

"मग मी आपली देवळात जाऊन येते," असं म्हणून आजी उठली. सईसुद्धा हसली. पण हार मानेल ती सई कसली! तिने चौथी कसोटी सुचवली आहे : 'खेळ किती दिवस पुरतो?' म्हणजे खटला अजून चालूच आहे.

यादी करताना मला मात्र एक गोष्ट नव्याने कळली. हे खेळ पडद्यासमोर बसून सुचलेले नाहीत. कुणाला गुहेत सुचले, कुणाला किड्यांमागे धावताना, कुणाला घरच्यांच्या आठवणीने. तुम्हीही मोठेपणी असा खेळ बनवायचा म्हणत असाल, तर त्यात घालायला तुमच्याकडे काय आहे? ओढा, टेकडी, आजोळची माळ्यावरची अडगळ? ते आत्ताच गोळा करायला हवं, नाही का?

आई-बाबांसाठी दोन शब्द : खेळ आणण्याआधी डब्यावरचा वयाचा आकडा पाहा. 'बंद कर' म्हणण्याआधी पाच मिनिटं सूचना द्या. अर्धवट तोडलेली लढाई मुलांना फार लागते. आणि एकदा तरी शेजारी बसून एक डाव खेळा. हरलात तर उत्तमच!

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी गृहपाठ : चौकटीच्या वहीत १६ बाय १६ चौकोन आखा आणि त्यात स्वतःचा चेहरा रंगवून पाहा. मग तुमच्या आवडत्या सहा खेळांची यादी करा. कबड्डी, लगोरी, कॅरम, काहीही चालेल. पण नंबराच्या पुढे कारण लिहायचं. 'भारी आहे' हे कारण आमच्या कोर्टात चालत नाही!