जोडणी तुटते की नाकारली जाते?

गावोगावच्या शाळांतून हल्ली एक हौस दिसते, आणि ती चांगली आहे. एखादा शिक्षक आपल्या हाताने लहानसे वेबपान तयार करतो. त्यावर मुलांची प्रश्नमंजूषा असते, नाहीतर हजेरी, नाहीतर बाजार समितीतले कांद्याचे भाव. तयार करताना स्वतःच्या संगणकावर सारे सुरळीत चालते. मग ते पान सर्व्हरवर चढवतात आणि आकडे थिजतात. पान दिसते, अक्षरे दिसतात, पण जो भाव घडोघडी बदलायला हवा तो जागचा हलत नाही. पहिला संशय जातो नेटवर. कुणी तार हलवून पाहतो, कुणी मोबाइल घेऊन गच्चीवर जातो. पण पान येऊन पोहोचले याचा अर्थच असा की, तार बहुधा धडधाकट आहे. जोडणी तुटलेली नाही, ती कुणीतरी जाणूनबुजून नाकारली आहे. कुणी नाकारली आणि का, हे कळले की दुरुस्ती फारशी अवघड राहत नाही. न कळता केलेली दुरुस्ती मात्र मूळ दुखण्यापेक्षा वाईट ठरू शकते.

आधी सॉकेटची जोडणी म्हणजे काय ते पाहू. साधे वेबपान हा पत्रव्यवहार आहे. ब्राउझर विचारतो, सर्व्हर उत्तर धाडतो, व्यवहार संपतो. पुन्हा काही हवे तर पुन्हा विचारायचे. सॉकेटचे तसे नाही. ती टेलिफोनासारखी. एकदा लागली की रिसीव्हर खाली ठेवायचा नाही. भाव बदलला रे बदलला की सर्व्हरने आपणहून सांगायचे.

मग अशी जोडणी कोणत्याही पानाने कोणत्याही सर्व्हरशी करावी का? इथे खरा प्रश्न आहे. ब्राउझर म्हणजे आपल्या घरचा गडी समजा. बँकेत, कचेरीत, शाळेत तो आपल्या नावाने जातो. आपण एकदा परवलीचा शब्द सांगितला की ओळखीची एक चिठ्ठी त्याच्या खिशात राहते. तिला कुकी म्हणतात. आता आपण सहज एखादे भलतेच पान उघडले. त्या पानात दडलेला छोटासा प्रोग्रॅम आपल्याच गड्याला सांगतो, ‘जा, शाळेच्या सर्व्हरकडून मुलांचे गुण आणून मला दे.’ गडी निघाला तर चिठ्ठी खिशात आहेच! शिवाय कचेरीच्या संगणकांभोवती जी संरक्षक भिंत घातलेली असते, ती बाहेरच्या माणसाला अडवते. हा तर आतच बसलेला. याला कोण अडवणार?

म्हणून १९९५ साली नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ब्राउझरने एक नियम धरला: एका उगमाच्या पानाने दुसऱ्या उगमाच्या पोटातले वाचायचे नाही. उगम तीन गोष्टींनी ठरतो. एचटीटीपी की एचटीटीपीएस, ही पहिली; सर्व्हरचे नाव, ही दुसरी; आणि पोर्टचा क्रमांक, म्हणजे त्या वाड्याचे कितवे दार, ही तिसरी. तिन्ही तंतोतंत जुळायला हवीत. नावाच्या आधी डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू असले आणि नसले, की उगम बदलला. तोच सर्व्हर, पण ४४३ ऐवजी ८०८० क्रमांकाचे पोर्ट, की उगम बदलला. माणसाच्या डोळ्याला हे सारे एकच दिसते. यंत्र मात्र अक्षर न् अक्षर पाहते.

सॉकेटच्या बाबतीत या नियमाची कडक अंमलबजावणी फ्लॅश प्लेअरने केली, आणि त्या काळचे वळण समजून घेतले तर आजचा घोटाळाही उकलतो. फ्लॅशची रीत अशी होती: पानातल्या प्रोग्रॅमने सॉकेट मागितली की प्लेअर लगेच जोडणी देत नसे. तो आधी त्या सर्व्हरच्या ८४३ क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन एकच वाक्य म्हणे, ‘पॉलिसी-फाइल-रिक्वेस्ट’. चिन्हांसकट २२ अक्षरे आणि शेवटी एक शून्य बाइट. सर्व्हरने परवानगीपत्र वाचून दाखवायचे: अमुक उगमाच्या पानांना अमुक पोर्ट मोकळे. त्या पत्राच्या शेवटीही शून्य बाइट हवाच. ८४३ वर तीन सेकंदांत उत्तर आले नाही, तर प्लेअर ज्या पोर्टवर जायचे त्याच पोर्टवर हा प्रश्न विचारी. एप्रिल २००८ मध्ये आलेल्या ९.०.१२४ या आवृत्तीपासून हे परवानगीपत्र प्रत्येक सॉकेटला सक्तीचे झाले, अगदी पान आणि सर्व्हर एकाच घरचे असले तरीसुद्धा.

त्या दिवसांत प्रोग्रॅमर मंडळींनी डोक्याला हात लावला. कालपर्यंत चालणाऱ्या गप्पांच्या खोल्या, खेळ, शेअरबाजाराचे फलक, सगळे मुके झाले. कारणे पाहावी तर किती बारीक! कुणी परवानगीपत्र नेहमीच्या वेबसर्व्हरवर ठेवले होते. सॉकेटसाठी ते पत्र सॉकेटवरूनच द्यावे लागे, वेबवरचे चालत नसे. कुणाचा शेवटचा शून्य बाइट राहिला होता. कुणाची जोडणी होत होती, पण दर वेळी तीन सेकंद उशिराने. म्हणजे वाटेतली संरक्षक भिंत ८४३ वर जाणारा प्रश्न न बोलता गिळून टाकत होती. रोगाचे लक्षण असे नेमके असेल तर वैद्याला काय हवे?

पण पुष्कळांनी वैद्यकी केलीच नाही. त्यांनी पत्रात उगमाच्या जागी तारा काढला आणि पोर्टच्या जागीही तारा काढला. तारा म्हणजे ‘कोणीही यावे’. आकडे हलू लागले, साहेब खूष झाले. घराचे दार काढून टाकले की किल्ली हरवण्याची भीती राहत नाही, त्यातलाच हा प्रकार.

फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. शाळेच्या कपाटात त्या काळची एखादी शिकवणी अजून पडलेली असेल, तर तिच्या परवानगीपत्राशी झटापट करण्यात अर्थ नाही. आजचे ब्राउझर ती चालवतच नाहीत. फ्लॅशच्या सॉकेटची जागा वेबसॉकेटने घेतली आहे. तिचे नियम आरएफसी ६४५५ या मसुद्यात डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

आणि इथेच राखणदार बदलला. वाचकांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण निम्मा गोंधळ इथला आहे. फ्लॅशच्या रीतीत प्लेअर आधी परवानगी विचारी आणि नसली तर स्वतःच अडवी. वेबसॉकेटमध्ये ब्राउझर परवानगी विचारत नाही. तो सरळ दार वाजवतो आणि सोबत एक ओळ देतो, तिचे नाव ‘ओरिजिन’. म्हणजे ‘मी अमुक उगमाच्या पानाकडून आलो आहे’. ही ओळ पानातल्या प्रोग्रॅमला बदलता येत नाही, ती ब्राउझरच लिहितो. यापुढे घ्यायचे की परत पाठवायचे हा निर्णय सर्व्हरचा. घेतले तर तो १०१ हा आकडा देतो, नाकारले तर बहुधा ४०३. सर्व्हरने ओरिजिनची ओळ वाचलीच नाही, तर जगातले कोणतेही पान आत येऊ शकते. सर्व्हर नुसत्या कुकीवर माणूस ओळखत असेल, तर ते पान आपली चिठ्ठी दाखवून येते. ब्राउझर अनोळखी पानाला अडवीलच अशा भरवशावर कुणी राहू नये. नव्या ब्राउझरांनी कुकी परक्या पानासोबत न देण्याचे काही बंदोबस्त केले आहेत, पण सर्व्हरने आपले काम सोडावे असे त्यामुळे होत नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. जोडणी बसली नाही की पानातल्या प्रोग्रॅमला फक्त १००६ हा आकडा मिळतो. त्याचा अर्थ इतकाच, की जोडणी नीट निरोप न घेता बंद झाली. का, ते सांगत नाहीत. हा ब्राउझरचा आळस नव्हे बरं का! कारण सांगितले, तर परक्या पानाला आपल्या आतल्या जाळ्यात कोणते संगणक जागे आहेत हे चाचपून पाहता येईल. तेव्हा १००६ कडे पाहून तर्क लढवण्यापेक्षा ब्राउझरमध्ये एफ-१२ ची कळ दाबावी, ‘नेटवर्क’ हा भाग उघडावा आणि दार वाजवताना काय बोलणे झाले ते वाचावे. जोडीला सर्व्हरची रोजनिशी, म्हणजे लॉग, पाहावी.

४०३ दिसला तर सर्व्हरला ओरिजिन पटलेला नाही. मग आलेली ओळ आणि सर्व्हरच्या यादीतली ओळ एकाखाली एक लिहून ताडून पाहा. ओरिजिनमध्ये पानाचा पुढचा पत्ता नसतो, शेवटी तिरपी रेघ नसते, आणि नेहमीचे पोर्ट असेल तर त्याचा क्रमांकही नसतो. यादीत शेवटी एक रेघ जास्त पडली एवढ्यानेही नकार येतो. स्वतःच्या संगणकावर चालले आणि सर्व्हरवर अडले, याचे कारण पुष्कळदा हेच असते, की यादीत नुसता ‘लोकलहोस्ट’ लिहिलेला असतो. पान फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडले असेल, तर ओरिजिनच्या जागी ‘नल’ येते. त्यावर ‘नल’ला परवानगी देणे हा उपाय करू नये, कारण दुसऱ्या कुणाच्या कोंडलेल्या चौकटीतल्या पानाचा ओरिजिनही ‘नल’च असतो.

निरोप बाहेर पडलाच नाही असे दिसले, तर सर्व्हर निर्दोष आहे. अडवले ते ब्राउझरनेच. पान एचटीटीपीएसचे आणि सॉकेटचा पत्ता मात्र डब्ल्यूएसने सुरू होणारा, असे असेल तर सुरक्षित पानातून उघड्या तारेवर बोलायला ब्राउझर तयार होत नाही. तिथे डब्ल्यूएसएस हवे. किंवा पानानेच सोबत आणलेल्या सुरक्षा-धोरणात ‘कनेक्ट-एसआरसी’ या ओळीत त्या सर्व्हरचे नाव नसेल.

उत्तर ४०० किंवा भलतेच काही आले, तर मधल्या माणसाकडे पाहा. सर्व्हरपुढे बहुधा एनजिनएक्ससारखा दुसरा सर्व्हर उभा असतो. ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ या दोन ओळी तो आपणहून पुढे देत नाही. द्यायला सांगावे लागते. आणि जोडणी बसते, पण मिनिटभर शांतता झाली की तुटते, ही तक्रार असेल तर तिचा सुरक्षा-धोरणाशी संबंधच नाही. एनजिनएक्स ठरावीक ६० सेकंद वाट पाहून फोन खाली ठेवतो. अधूनमधून एक हुंकार पाठवत राहिले, की झाले.

लोक करतात काय, तर या प्रत्येक वेळी सर्व्हरच्या उत्तरात ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाव-ओरिजिन’ ही ओळ घालतात, आणि तीही तारा लावून. ती ओळ साध्या पत्रव्यवहारासाठी आहे. वेबसॉकेटच्या वेळी ब्राउझर ती पाहतसुद्धा नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! एक अपवाद मात्र सांगायला हवा. सॉकेट-आयओ नावाचे लोकप्रिय साधन आपले बोलणे आरंभी साध्या पत्रव्यवहाराने सुरू करते आणि मग वेबसॉकेटवर जाते. तिथे ही ओळ लागते, आणि २०२० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती स्वतः मागून घ्यावी लागते. तेथेही आपल्या पानाचे नाव लिहावे, तारा नको.

तारा सदाच वाईट असे मी म्हणत नाही. कांद्याचा भाव सर्वांसाठीच आहे. तिथे कुणाला ओळख दाखवायची नाही, कुणाचे काही झाकायचे नाही. मग कुठल्याही पानाने तो दाखवला तर शेतकऱ्याचे बरेच होईल. पण त्याच सर्व्हरवर, त्याच दाराने मुलांची हजेरी आणि पालकांचे फोन क्रमांकही जात असतील, तर प्रश्न वेगळा. तिथे नावे मोजून लिहावीत आणि पूर्ण नाव ताडावे. नाव ‘बाजारभाव डॉट उदाहरण’ने संपते एवढेच पाहणारा सर्व्हर ‘खोटाबाजारभाव डॉट उदाहरण’लाही आत घेईल. शिवाय ओरिजिन म्हणजे परवलीचा शब्द नव्हे. ब्राउझर खरे बोलतो, पण ब्राउझरबाहेरचा एखादा प्रोग्रॅम त्या ओळीत हवे ते लिहू शकतो. म्हणून माणसाची ओळख वेगळी पटवावी लागते, आणि ती जोडणी बसल्यावर पहिल्याच निरोपात मागून घेता येते.

दुरुस्ती झाल्यावर आपले पान चालते का, एवढेच पाहून थांबू नका. दुसऱ्या कुठल्याही नावाच्या पानावरून तीच जोडणी मागून पाहा. तिथे ४०३ आला, तर काम पुरे झाले. तिथेही आकडे हलू लागले, तर यादी पुन्हा उघडा.