पहिली वुड लेथ घेताय? आधी वस्तू ठरवा, मग मशीन



दुकानात अधूनमधून कोणीतरी मोबाईल पुढे करतं, "दादा, ही छोटी लेथ घेऊ का? स्वस्तात मिळतेय." मी फोटो बघायच्या आधी विचारतो, "त्यावर बनवणार काय?" बहुतेकांकडे उत्तर नसतं. पहिल्या वेळी माझ्याकडेही नव्हतं.

माझी पहिली लेथ मी फक्त किंमत बघून घेतली. दोन सेंटरमधलं अंतर 10 इंच. पेन, किचेन छान व्हायचे. मग ओळखीच्या एका काकूंनी संक्रांतीच्या वाणासाठी 40 लाटणी मागितली. लाटणं 14 इंची! पहिलीच मोठी ऑर्डर हात जोडून परत केली. पुढे ते मशीन निम्म्या किमतीत विकलं.

दोन मापं पक्की लक्षात ठेवा

पहिलं, दोन सेंटरमधलं अंतर. म्हणजे किती लांब वस्तू बसेल. लाकूड तयार वस्तूपेक्षा इंचभर जास्त घ्यावं लागतं. लाटण्यासाठी 16 ते 18 इंच हवेतच.

दुसरं, स्विंग. म्हणजे किती रुंद वस्तू फिरेल. इथे लोक फसतात. काही विक्रेते स्विंग सांगतात, काही सेंटर हाइट. सेंटर हाइट 5 इंच असेल, तर जास्तीत जास्त व्यास 10 इंच. 9 इंची पोळपाट करायचा असेल तर 12 इंच स्विंग घ्या, काम निवांत होतं.

मोटर आणि वेग

पेन, लाटणी, छोट्या वाट्या यांना अर्धा एचपी पुरतो. पोळपाट, मोठे बाऊल करायचे तर पाऊण ते एक एचपी बघा. हे घरच्या सिंगल फेजवर चालतं, फक्त अर्थिंग नीट हवं.

जाहिरातीत जास्तीत जास्त वेग मोठ्या अक्षरांत असतो. तुम्ही कमीत कमी वेग विचारा. साधा हिशोब: व्यास (इंचांत) गुणिले आरपीएम, उत्तर 6000 ते 9000 मध्ये यावं. 9 इंची पोळपाटाला 670 ते 1000 आरपीएम. पण ओबडधोबड तुकडा पहिल्यांदा फिरवताना त्याहून हळू, म्हणून 500 किंवा त्याखाली येणारं मशीन घ्या.

ड्रिल मशीन बसवून चालणारी जोडणी टाळा. ड्रिलचं बेअरिंग सततचा बाजूचा दाब झेलायला बनवलेलं नसतं.

पैसे देण्याआधी हात लावून बघा

- टेलस्टॉक सरकवून हेडस्टॉकजवळ आणा. दोन्ही टोकं समोरासमोर जुळली पाहिजेत.
- स्पिंडल हाताने हलवा. खडखड नको.
- टूल रेस्ट आवळून दाबा. सरकला तर नाही म्हणा.
- वजन बघा. ओतीव लोखंडी बेड जड असतो, म्हणून थरथर कमी होते.

सगळे पैसे मशीनवर घालू नका

समजा बजेट 30,000 आहे. मशीन 18,000 पर्यंतच बघा. उरलेल्यात एचएसएसची तीन-चार हत्यारं (रफिंग गाउज, स्पिंडल गाउज, पार्टिंग टूल, स्क्यू), धार लावायला बेंच ग्राइंडर, फेस शील्ड आणि मास्क बसवा. चक नंतर घेतला तरी चालेल. मात्र बोथट हत्यार लाकूड कापत नाही, ओरबाडतं, आणि नवशिक्याला वाटतं मशीनच खराब आहे. आणि हो, रफिंग गाउज बाऊलवर वापरू नका. अडकला तर दांड्याजवळ मोडू शकतो.

लेथवर हातमोजे, ओढणी, सैल बाही, अंगठी, काहीही नको. चालू करताना लाकडाच्या रेषेत उभं राहू नका, बाजूला उभे राहा.

आता गृहपाठ

कागदावर तीन वस्तू लिहा, ज्या तुमच्या ओळखीतले लोक खरंच विकत घेतील. प्रत्येकीची लांबी आणि व्यास टेपने मोजा. सगळ्यात मोठं माप हेच तुमच्या मशीनचं माप. सावंतवाडीला गेलात तर तिथल्या कारागिरांना लाकडी खेळणी करताना जरूर बघा. हात कसा स्थिर राहतो ते कळेल.

आणि कर्ज काढून लेथ घेऊ नका. आधी छंद म्हणून स्वतःच्या पैशांत तीन महिने शिका. दहा लाटणी एकसारखी जमली आणि विकली गेली, की मग धंद्याचं बोलू!