दुचाकीवरील मार्गदर्शक यंत्र

दुचाकीवर वाट दाखविणारें यंत्र बसविण्याची हौस आतां उरणांतहि घरोघर दिसते. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकीं किमान चारांचे संकेत मिळाले, कीं यंत्र आपलें स्थान ठरवितें. तेथें आपणांस कांहींच करावयाचें नसतें. आपलें काम बॅटरीपासून हँडलपर्यंतच्या दोन-तीन हात तारेचें, आणि घात होतो तो तेथेंच.

बॅटरी १२ व्होल्टची, यंत्रास बहुधा ५ व्होल्ट पुरतात. म्हणून मध्यें परिवर्तक हवा. फ्यूज मात्र बॅटरीच्या धन अग्रालगतच असावा, असा आमचा आग्रह आहे. कित्येक कारागीर तो सोयीसाठीं यंत्राजवळ घालतात. मग मधली तार घासून सांगाड्यास टेकली, कीं ती पेटते आणि फ्यूज शाबूत राहतो! हँडल दोन्हीं बाजूंस पूर्ण वळवून तार ताणत नाहीं ना, हें पाहिल्यावांचून ती बांधूं नये. आमच्या खाऱ्या हवेंत तांब्यावर हिरवा गंज लवकर चढतो. जोडांस व्हॅसलीन लावावें. फोनच बसवावयाचा तर बैठक धक्के शोषणारी घ्यावी. इंजिनाच्या कंपनांनीं कॅमेरा बिघडतो, असा इशारा ॲपल कंपनीनें २०२१ मध्यें दिला आहे.

आणखी एक. १२ जानेवारी २०२४ रोजीं उद्घाटन झालेल्या अटल सेतूवर दुचाकींस मज्जाव आहे. यंत्र मोटारीच्या मार्गावर लावलेलें राहिलें, तर मुंबईस निघालेल्या मुलास तें चिर्ल्याहून थेट त्या सेतूकडे धाडील. निघण्यापूर्वीं दुचाकीचा पर्याय निवडला आहे ना, हें घरांतील कोणीं तरी विचारावें. वाशीची खाडी ओलांडून जातां येतेंच. आणि गाडी घरीं ठेवावयाची, तर मोरा बंदराहून भाऊच्या धक्क्यास लाँच आहे.