दार भिंतीतूनच कापायचं

अमेरिकेत १९३०च्या दशकापासून हौशी लोक घरच्या गॅरेजात ‘टिअरड्रॉप’ ट्रेलर बांधत आले आहेत. आकार थेंबासारखा, आत जेमतेम दोघांची गादी. त्याचं दार बहुधा वेगळं करत नाहीत. बाजूच्या प्लायवूडमधूनच जिगसॉने कापून काढतात. कोपरे गोल ठेवायचे, काटकोनी कोपऱ्यातून तडा जायला वेळ लागत नाही.

करवतीची फट दीड-दोन मिलिमीटरच भरते. रंधा आणि कानस मारून ती चहूबाजूंनी सुमारे तीन मिलिमीटर करावी लागते. इथे घाई नडते. कडांवर इपॉक्सी आणि रंगाचे हात चढले की काल सुरेख बसलेलं दार आज अडू लागतं. पण कडा कोऱ्या ठेवणंही परवडत नाही, पाणी तिथूनच शिरून प्लाय फुगतो.

बिजागऱ्या पुढच्या अंगाला हव्यात. धावताना कडी निसटली तरी वारा दार मिटवतो. त्या मागे असल्या तर तोच वारा दार उखडून नेईल! फट झाकायला बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, आत पोकळ रबरी सील आणि दारावर छोटी पन्हळ. ती विसरलात, तर दार उघडताच छताचं पाणी थेट उशीवर.